शाहीन, गरुड आणि माझं चुकलेलं भाषांतर

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. एका तासाला उजवीकडून डावीकडे लिहायचं, पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे. मुलं हसतात, "सर, तुमचा फळा मधोमध भेटतो." वीस वर्षांच्या नोकरीत या दोन भाषांमध्ये ये-जा करताना आपण कुठं फारसं अडखळलो नाही, असा माझा समज होता. तो एका पक्ष्यानं मोडला.

झालं असं. नववीच्या वर्गात मी इक्बाल शिकवत होतो. अल्लामा इक्बाल (1877-1938) शिकवायचे आणि शाहीनचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. 1935 साली आलेल्या त्यांच्या 'बाल-ए-जिब्रील' या संग्रहात 'शाहीन' नावाची कविताच आहे. उंच उडणारा, दुसऱ्यानं मारलेली शिकार न खाणारा, एकांतात राहणारा आणि घरटं न बांधणारा पक्षी. तरुणांनी असं व्हावं, ही त्यांची हाक. आमच्या उर्दू शाळांमध्ये स्नेहसंमेलनाच्या भाषणापासून निरोप समारंभापर्यंत हा शाहीन उडतच असतो. मीही दरवर्षी उडवतो. आवाज चढवून सांगतो, "बच्चो, तुम्ही शाहीन आहात. घरट्याचा मोह धरू नका."

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. हा मुलगा एरवी काही बोलत नाही. म्हणाला, "सर, शाहीनला मराठीत काय म्हणायचं?"

मी बेधडक म्हणालो, "गरुड."

त्याचं समाधान झालं नाही. "मग सर, घरटंच नसलं तर अंडी कुठं घालतो?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "शायरी आहे रे ती, अंडी कसली मोजतोस," म्हणून पुढं गेलो. तास संपला. पण तो प्रश्न डब्यातल्या खड्यासारखा दिवसभर दाताखाली येत राहिला.

घरी जेवताना ही गंमत म्हणून सांगितली. माझी थोरली मुलगी तेव्हा बारावीला, सायन्सला होती. तिला पाखरांचं वेड. मैत्रिणीच्या भावाची दुर्बीण मागून आणायची आणि रविवारी सकाळी रंकाळ्यावर नाहीतर कळंब्याच्या तलावावर जाऊन बसायचं. बदकं मोजून घरी येते म्हणून दादी तिला चिडवायची. तिनं घास हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

"अब्बा, तुम्ही वर्गात शाहीनला गरुड म्हणालात?"

"मग काय म्हणायचं?"

"शाहीन म्हणजे बहिरी ससाणा. गरुड वेगळा, ससाणा वेगळा. आणि त्या मुलाचा प्रश्न बरोबर आहे. शाहीन कड्यावरच्या कपारीत अंडी घालतो. काड्या गोळा करत नाही, नुसता मातीत खळगा करतो. घरटं बांधत नाही हे खरं आहे, इक्बालसाहेबांनी चुकीचं नाही सांगितलं. चुकीचं तुम्ही सांगितलंत."

वीस वर्षं मी पोरांना हे भाषांतर देत आलो होतो. बरं, चूक तरी कसली? उर्दूत शाहीन, बाज, उकाब हे शब्द बोलताना आपण एकमेकांत मिसळतो. मराठीत घार, ससाणा, गरुड यांची तीच गत. आकाशात मोठं काही दिसलं की बोट दाखवायचं आणि घार म्हणून मोकळं व्हायचं. शिवाय कोल्हापूरच्या माणसाला गरुड माहीत असतो तो अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपामुळं. तो पक्षी जिवंतपणी कसा दिसतो, कुठं राहतो, याची विचारपूस कोण करतो?

थोरलीनं मग मला रीतसर शिकवलं. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार. हवेत शिकार करतो, वरून सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. शाहीन ही बहिरी ससाण्याचीच आपल्या उपखंडात कायम राहणारी जात, सह्याद्रीच्या कड्यांवरही असते. गरुडाचे पंख रुंद, टोकाला बोटांसारखी पिसं सुटी झालेली. ते घरटं बांधतात. "आणि तुम्हाला खरा गरुड बघायचा असेल तर आपल्या जिल्ह्यातच आहे," ती म्हणाली. "दाजीपूरला."

शाहीन बहुतेक सगळे उर्दूवाले असाच ओळखतात, शब्दातून. बघितलेला क्वचितच कोणी असतो. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. पोरीनं बापाची चूक सगळ्यांसमोर दाखवली म्हणून नव्हे. आपण पोरांना ज्याच्यासारखं व्हा म्हणून सांगतो, तो कसा असतो हे आपल्याला ठाऊक नाही, याचा.

जानेवारीत एका मित्राची गाडी घेऊन आम्ही दोघं पहाटे साडेचारला निघालो. पत्नीनं भडंग, भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. फुलेवाडी सोडली, परिते मागं गेलं, राधानगरीला उजाडलं. कोल्हापूरपासून दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर. वाटेत राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण दिसतं. महाराजांचं नाव आमच्या घरात अदबीनं घेतलं जातं. 1906 साली त्यांच्या पुढाकारानं मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, बोर्डिंग निघालं. खेड्यातली आमची पोरं गाव सोडून कोल्हापुरात शिकायला राहू लागली ती त्यामुळं. हा विचार मला त्या दिवशी गाडीत आला आणि पुढं जूनमध्ये मी तो सोयीस्कर विसरलो. ते पुढं येईलच.

दाजीपूरचं जंगल हे संस्थानाच्या काळात राजघराण्याचं शिकारीचं रान. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र 351 चौरस किलोमीटर. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यात हेही आहे. आम्ही कोल्हापूरकर बाहेरच्या पाहुण्यांना तांबडा-पांढरा रस्सा आणि पन्हाळा दाखवतो. हे रान आपल्या अंगणात आहे हे आपल्याच ध्यानात नसतं.

आत जाणारी जीप धरली. सोबत गावातलाच एक गाइड, पन्नाशीचा. थोरली त्याला मामा म्हणायला लागली. जांभूळ, हिरडा, अंजनीची झाडं इतकी दाट, की नऊ वाजून गेले तरी खाली गारवा होता. गवे दिसले, पाच-सहा, ओढ्यापलीकडं. मी खूश झालो, म्हटलं पैसे वसूल. एवढ्यात वरून कुठूनतरी शीळ आली. मोठी, तीन ठोक्यांची, शेवटचा ठोका लांब ओढलेला.

"आला बघा," मामा म्हणाले. "सर्पगरुड. आता गप ऱ्हावा, सर."

तो ओढ्याच्या काठावरच्या एका वठलेल्या फांदीवर बसला होता. मी आधी त्याला फांदीच समजलो. दुर्बिणीतून बघितलं तर गडद तपकिरी अंग, छाती-पोटावर पांढरे ठिपके, डोक्यावर काळा-पांढरा तुरा मानेवर पडलेला. चोचीच्या मुळापासून डोळ्यांपर्यंतची कातडी उघडी, पिवळीधमक. पायही पिवळे. डोळेसुद्धा पिवळे. असा रोखून बघत होता, की वर्गात येणारे साहेबही कधी तसे बघत नाहीत.

मी वाट बघत होतो तो उडायची. माझ्या डोक्यात शाहीन होता ना! झेप, भरारी, आकाश. हा काही हलेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मान तेवढी वळायची, खाली ओढ्याकडं, गवताकडं. मी थोरलीच्या कानात म्हणालो, "आळशी दिसतोय तुझा गरुड."

"तो काम करतोय, अब्बा," ती कुजबुजली.

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. याचं खाणं म्हणजे साप, सरडे, बेडूक. ते उडत्या ठिकाणी नाही सापडत, जमिनीवर सापडतात, आणि तेही हलले तर. म्हणून असं फांदीवर तासन् तास बसायचं आणि बघायचं. पायांवर पिसं नाहीत, जाड खवले आहेत, ते सापासाठीच. घरटं ओढ्याकाठच्या उंच झाडावर, काड्यांचं. अंडं बहुतेक एकच. महिन्याहून जास्त उबवायचं, मग पिल्लू उडायला आणखी दोन महिने. पूर्ण हंगामाची मेहनत, पिल्लू एक.

साधारण चाळीस मिनिटांनी तो खाली झेपावला. पंख उघडले तेव्हा खालून त्यांच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसला, शेपटीवर दुसरा. गवतात उतरला, दोन-तीनदा पाय आपटले, पंख पसरून तोल सावरला. मी श्वास धरून बसलो. आणि तो वर आला तेव्हा पायात काहीच नव्हतं. रिकामा. पुन्हा त्याच फांदीवर जाऊन बसला, पिसं सारखी केली आणि पुन्हा खाली बघायला लागला.

"असंच असतंय," मामा म्हणाले. "दिसात किती येळा रिकामा येतोय. पर जागा सोडत न्हाई."

परतीच्या वाटेवर मी फारसं बोललो नाही. मला माझ्या वर्गातली पोरं आठवत होती. जी फांदीवर बसून असतात, ज्यांना मी आळशी म्हणून बाजूला काढतो आणि जी एखाद्या दिवशी विचारतात की अंडी कुठं घालतो. मला मीही आठवलो. बी.एड. झाल्यावर मुंबईत नोकरी चालून आली होती. अब्बांना त्याच वर्षी अर्धांगवायू झाला आणि मी गेलो नाही. इथंच राहिलो, या शाळेत, याच गल्लीत. पोरांना शाहीन व्हायला सांगताना माझा आवाज जो चढतो, त्यात न गेलेल्या माणसाची सल आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि राहणं म्हणजे नुसतं बसणंच असतं असं नाही, हेही.

एक गंमत राहिली. रात्री थोरलीनं तिच्या पुस्तकात या पक्ष्याचं शास्त्रीय नाव दाखवलं, स्पायलॉर्निस चीला. 1790 साली लॅथम नावाच्या इंग्रज अभ्यासकानं त्याला हे 'चीला' नाव दिलं, ते आपल्या 'चील'वरून. चील म्हणजे घार! म्हणजे गरुडाला घार म्हणणारा तो आणि ससाण्याला गरुड म्हणणारा मी. बरं वाटलं. चुकणारा मी एकटा नव्हतो. फरक इतकाच, की त्याची चूक जगभरच्या पुस्तकांत गेली आणि माझी फक्त कोल्हापुरातल्या वीस तुकड्यांत.

आता जूनची गोष्ट.

बारावीचा निकाल चांगला लागला. थोरलीनं एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, वनशास्त्राची पदवी, चार वर्षं, हॉस्टेल. मी वाचला आणि परत केला.

"कोल्हापुरात काय कमी आहे?" मी म्हणालो. "राजाराम कॉलेज आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. बी.एस्सी. कर, झूऑलॉजी घे, हवी तेवढी पाखरं बघ."

"वनशास्त्र इथं नाही, अब्बा."

"मुलीच्या जातीला जंगलातली नोकरी शोभते का? रात्री-अपरात्री फिरायचं. लोक काय म्हणतील? आणि तिकडं तुझं जेवण, नमाज, रमजान, सगळं कोण बघणार?"

हे सगळं मी म्हणालो. लपवत नाही. बाहेर मी सुधारकी लेख लिहितो, मुलींच्या शिक्षणावर भाषणं देतो. घरात माझ्या तोंडून जे आलं ते हे. वाचणाऱ्यांत असे बाप आणखीही असतील, म्हणून लिहितोय.

थोरली रडली नाही, भांडलीही नाही. फॉर्म उचलता उचलता एवढंच म्हणाली, "वर्गातल्या मुलांना तुम्ही घरटं सोडायला सांगता. मला सांगायची वेळ आली की घरटं तुम्हालाच धरून बसायचंय."

दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. पत्नी दोन्हीकडच्या ताटांमधून ये-जा करत राहिली. तिचं मत तिच्या चेहऱ्यावर होतं, पण तोंडानं ती काही बोलली नाही. मला वाटत होतं, अम्मी माझ्या बाजूनं आहे. अम्मीचं वय पंचाहत्तर. चौथीपर्यंत शिकलेली. नातीवर जीव, तिला डोळ्यांआड होऊ देणार नाही, याची मला खात्री होती.

तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर ती तस्बीह घेऊन अंगणात बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. समोरच्या तारेवर साळुंक्या कलकलत होत्या. अम्मी म्हणाली, "बेटा, पाखरांची हदीस तुला ठाऊक आहे ना? अल्लावर खरा भरवसा ठेवलात तर तो पाखरांना देतो तसं तुम्हाला देईल. सकाळी रिकाम्या पोटी जातात, संध्याकाळी भरल्या पोटी येतात."

"ठाऊक आहे, अम्मी."

"त्यात जातात असं आहे. बसून राहतात असं नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि येतात असंही आहे. तू फक्त जायचंच ऐकतोयस, म्हणून भितोयस."

मग तिनं जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. चौथीनंतर तिच्या बाईंनी तिला पुढं शिकवायला सांगितलं होतं. शाळा दुसऱ्या गावात होती. तिच्या अब्बांनी नाही म्हटलं. लोक काय म्हणतील, हेच कारण. "तुझे नाना चांगले होते," अम्मी म्हणाली. "वाईट माणूस नाही म्हणत. चांगलाच नाही म्हणतो. म्हणून तर मोडता येत नाही."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मी फॉर्मवर सही केली.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला पोचवायला गेलो. आंबा घाट उतरून, चिपळूण, खेड करत दापोली. दोनशेहून जास्त किलोमीटर, सगळा पाऊस. हॉस्टेलच्या खोलीत ट्रंक ठेवली, जानमाज कोणत्या दिशेला टाकायचा ते मोबाइलवर बघून दिलं. खोलीतल्या दुसऱ्या मुलीची आई आमच्या पत्नीला म्हणाली, "काळजी करू नका ताई, दोघी एकमेकींना धरून राहतील." गाडीत बसल्यावर पत्नी खेडपर्यंत रडत होती. मी गाडी चालवत होतो, त्यामुळं मला रडता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्यात तिला ताप आला, मेसचं जेवण पटेना, एकदा रात्री फोनवर म्हणाली, "अब्बा, येऊ का परत?" मी "ये" म्हणालो असतो. जीभ तिथंच होती. पण मला फांदीवर रिकामा परत येणारा तो पक्षी आठवला. म्हणालो, "दोन दिवस बघ. मग तू म्हणशील तसं." तिसऱ्या दिवशी फोन आला तो कुठल्याशा झाडाचं नाव सांगायला. परत यायचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. ही माझी शहाणपणाची गोष्ट म्हणून सांगत नाही. ताप वाढला असता तर मी त्याच रात्री गाडी काढली असती.

यंदा नववीला पुन्हा इक्बाल आले. फळ्यावर मी उर्दूत 'शाहीन' लिहिलं, शेजारी मराठीत 'बहिरी ससाणा'. खाली 'उकाब' आणि 'गरुड'. दोन्हीतला फरक सांगितला. घरटं बांधत नाही म्हणजे काय तेही सांगितलं. कड्यावरची एक कपार असते, तिथं तो अंडी घालतो आणि तीच कपार वर्षानुवर्षं वापरतो. काड्या नसल्या तरी जागा असते. परत कुठं यायचं ते त्याला ठाऊक असतं.

ज्यानं प्रश्न विचारला होता तो मुलगा आता दहावीत गेलाय. मी त्याला मधल्या सुट्टीत गाठून उत्तर दिलं, वर्षभर उशिरा. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सर, मग गरुड कुठं दिसतो?"

दाजीपूर पावसाळ्यात बंद असतं. दिवाळीला थोरली येईल तेव्हा त्यालाही बरोबर न्यायचं ठरवलंय. त्याच्या घरी विचारायला उद्या जाणार आहे.